शांत निवासी वस्तीतलं हॉटेल कसं निवडावं: गाडीच्या लाइनपासून खोलीच्या खिडकीपर्यंत

मोठ्या शहरात मुक्काम करायचा म्हटलं की आपण आधी अगदी मध्यावरची हॉटेलं बघतो. तिथले दर आणि खोल्यांचे आकार बघितले की बोट आपोआप नकाशाच्या कडेकडे सरकतं. तिकडे माणसं राहतात, मुलं शाळेत जातात, संध्याकाळी वयस्कर मंडळी बाकांवर येऊन बसतात. अशा वस्तीत उतरण्याचं सुख मोठं आहे. रात्री झोप लागते, गर्दीतून वाट काढावी लागत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा दुकानदार ओळखीचं हसतो. मी बरीच वर्षं असाच राहत आलो आहे आणि विचारणाऱ्यांनाही तेच सुचवतो.

त्यातले काही जण परत आल्यावर सांगतात, वस्ती छान होती, पण झोप झाली नाही. काही म्हणतात, हॉटेल शांत होतं, पण जाण्या-येण्यात जीव गेला. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण खोलीचे फोटो बघून हॉटेल पसंत करतो आणि बाकीचं नंतर तपासतो. क्रम उलटा हवा. आधी गाडीची लाइन, मग गल्ली, मग इमारत, आणि सगळ्यांत शेवटी खोली. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

१. आधी तुमचा दिवस मांडा

शांत वस्ती प्रत्येक प्रवासाला सोयीची पडत नाही. एकच रात्र राहायचं आहे आणि पहाटेचं विमान आहे, तर विमानतळाजवळ राहा. रोज रात्री उशिरापर्यंत नाटक किंवा मैफल असेल, तर मध्यावरच राहा. दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकावी लागत असेल (लहान मूल किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर ती लागतेच), तर लांबच्या हॉटेलात दिवसाला दोन फेऱ्या होतात. हे सगळं नसेल आणि मुक्काम तीन रात्रींपेक्षा जास्त असेल, तर पुढे वाचा.

कागदावर दोन हिशेब करा. पहिला वेळेचा. मध्यावरच्या हॉटेलातून १० मिनिटं लागतात आणि इथून ३० मिनिटं, म्हणजे एका खेपेला २० मिनिटं जास्त, दिवसाला ४०, पाच दिवसांत ३ तास २० मिनिटं. एवढा वेळ तुम्हाला चालतो का?

दुसरा पैशांचा. खोलीचं भाडं खोलीला असतं, तिकीट मात्र माणशी असतं. म्हणून एकट्यादुकट्याला जी बचत दिसते, ती चार जणांच्या कुटुंबाला बऱ्याचदा उरतच नाही. रोजचं तिकीट गुणिले माणसं गुणिले दिवस, त्यात रात्री उशीर झाल्यावरच्या एक-दोन टॅक्सी मिळवा, आणि मग दोन हॉटेलांच्या भाड्यातला फरक बघा. प्रवासी पास मिळत असेल, तर तो या वस्तीपर्यंत चालतो का हेही बघा. बऱ्याच शहरांत भाड्याचे टप्पे असतात आणि हद्द ओलांडली की महागडा पास घ्यावा लागतो.

२. हाताशी ठेवायची कागदपत्रं आणि साधनं

- सरकारी ओळखपत्र. परदेशात पासपोर्ट आणि व्हिसा. अनेक देशांत परदेशी पाहुण्यांची नोंद करणं हॉटेलांवर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे बुकिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं.
- ज्याच्या नावाने बुकिंग आहे त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. पोहोचल्यावर बरीच हॉटेलं अनामत म्हणून काही रक्कम रोखून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे खात्यात असूनही काही दिवस वापरता येत नाहीत.
- बुकिंगची कागदावरची प्रत, हॉटेलचा फोन नंबर, आणि पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेला. निवासी गल्लीतलं छोटं हॉटेल टॅक्सीवाल्याला नावाने माहीत नसतं, त्याला पत्ताच दाखवावा लागतो.
- फोनमध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा, आणि तिथल्या वाहतूक संस्थेचं अधिकृत ॲप किंवा वेळापत्रक.
- फोमचे इअरप्लग.

३. लाइन निवडा, हॉटेल नंतर

तुम्ही रोज जाणार आहात त्या तीन-चार जागा नकाशावर खुणा करून ठेवा. मग कोणती मेट्रो, ट्राम किंवा लोकल त्यातल्या जास्तीत जास्त जागांजवळून, गाडी न बदलता जाते ते शोधा. त्या लाइनवर मध्यापासून सहा-सात स्टेशनं बाहेर सरका आणि तिथली वस्ती बघा. शहराच्या दुसऱ्या टोकाची सुंदर वस्ती दोनदा गाडी बदलून गाठण्यापेक्षा साधी वस्ती आणि सरळ लाइन केव्हाही चांगली. एकदा गाडी बदलणं म्हणजे जिने, लांब बोळ आणि पुन्हा वाट बघणं. थकलेल्या पायांना ते फार जड जातं.

हॉटेलच्या माहितीत ‘शहराच्या मध्यापासून अमुक किलोमीटर’ असं लिहिलेलं असतं. ते अंतर बहुतेक वेळा सरळ रेषेतलं असतं. मध्ये नदी, रेल्वेचे रूळ किंवा टेकडी असेल तर प्रत्यक्षातली वाट त्याच्या दुप्पटही होऊ शकते. आणि मध्य म्हणजे नेमकं काय धरलं आहे, हेही प्रत्येक संकेतस्थळावर वेगळं असतं. म्हणून अंतर सोडा, वेळ बघा. नकाशाच्या ॲपमध्ये निघण्याची वेळ बदलता येते. ती तीन वेळा बदलून बघा: कामाच्या दिवशी सकाळी नऊ, रात्री साडेदहा, आणि रविवार सकाळ. निवासी भागातल्या लाइनींवर रविवारी आणि रात्री गाड्या विरळ होतात, आणि दुपारी दोन वाजता दिसणारा वेळ तेव्हा खरा ठरत नाही.

शेवटची गाडी किती वाजता आहे ते लिहून ठेवा. ती चुकली तर रात्रीची बस आहे का, तेही.

स्टेशनपासून हॉटेलपर्यंतची चाल १० मिनिटांच्या आत असावी, म्हणजे साधारण ७०० ते ८०० मीटर. बॅगा ओढत असाल तर त्याच वाटेला दीडपट वेळ धरा. चढ आहे का, स्टेशनला लिफ्ट आहे का, हे वयस्कर माणसं बरोबर असताना आधीच बघायला हवं.

४. गल्ली वाचायला शिका

सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवतो. वस्तीच्या नावाला भुलू नका. एकाच शांत वस्तीत एक गल्ली रात्रभर निःशब्द असते आणि तिला छेदणाऱ्या रस्त्यावर पहाटे चारपासून ट्रक सुरू होतात.

आधी थोडे आकडे, कारण ते निर्णय सोपा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चांगल्या झोपेसाठी खोलीत सतत येणारा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा आणि मधूनच येणारा एखादा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. खिडकी किंचित उघडी असेल, तर बाहेरचा आवाज आत येताना साधारण १५ डेसिबलने कमी होतो, असं त्यात धरलं आहे. म्हणजे खिडकी थोडी उघडी ठेवून झोपायचं, तर बाहेरच्या रस्त्याचा आवाज ४५ च्या आसपासच हवा. वर्दळीच्या रस्त्यालगत हे शक्यच नसतं. डेसिबलचं माप सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

दुसरं, अंतराचं. एकटं यंत्र आवाज करत असेल, तर त्याच्यापासूनचं अंतर दुप्पट केल्यावर मोकळ्यावर ६ डेसिबल कमी होतात. वाहता रस्ता मात्र लांबच लांब रेषेसारखा असतो, तिथे अंतर दुप्पट करून फक्त ३ कमी होतात. म्हणूनच हायवेपासून ‘जरा आत’ असलेलं हॉटेल मोकळ्या जागेत असेल तर फारसा फरक पडत नाही. फरक पाडतात ते मधले अडसर. मोठ्या रस्त्याला लागून इमारतींची सलग ओळ असेल, तर तिच्या मागची गल्ली एकदम निवांत होते. नियम सोपा ठेवा: मोठ्या रस्त्यापासून किमान एक सलग ओळ सोडून, शक्य तर दोन.

आता नकाशा जवळ आणा आणि हॉटेलच्या भोवती साधारण ३०० मीटरमध्ये काय काय आहे ते बघा.

*रस्ता.* जाड किंवा रंगीत रेघ म्हणजे मुख्य रस्ता. बंद टोकाची गल्ली उत्तम. सिग्नलचा चौक, चढाची वळणं, गतिरोधक, फरसबंदी रस्ता, बसचा थांबा या सगळ्या ठिकाणी गाड्या थांबतात, दणकतात किंवा जोर लावून निघतात. असा मधूनच उठणारा आवाज सतत येणाऱ्या आवाजापेक्षा झोपेला जास्त त्रास देतो.

*पहाटेच्या जागा.* भाजीबाजार, सुपरमार्केटची मागची बाजू, बस आगार, कचरा गोळा करण्याचं ठिकाण. दिवसा यांतलं काही जाणवत नाही. मोठ्या दुकानाच्या मागे हॉटेल असेल, तर माल उतरवण्याचा फाटक कोणत्या गल्लीत उघडतो, ते उपग्रहाच्या चित्रात नीट दिसतं.

*सायरन आणि भोंगे.* रुग्णालयाचं तातडीचं प्रवेशद्वार, अग्निशमन केंद्र, रेल्वेचं फाटक. फाटकाजवळ रात्रीच्या मालगाड्याही हॉर्न देतात.

*माणसांच्या जागा.* शाळेचं मैदान दिवसा गजबजलेलं, रात्री रिकामं, त्यामुळे आपल्याला चालतं. बार, समारंभांचे हॉल आणि उघड्यावरच्या बैठका नेमक्या उलट. भोंगे किंवा घंटा वाजणारं प्रार्थनास्थळ भिंतीला लागून असेल, तर पहाटेची तयारी ठेवा.

*विमानं.* ही गोष्ट जवळपास कोणीच तपासत नाही. नकाशावर विमानतळाची धावपट्टी शोधा आणि ती रेघ दोन्ही टोकांनी सरळ पुढे वाढवा. उतरणारी विमानं शेवटचे कित्येक किलोमीटर याच रेघेवरून येतात. उतरण्याचा नेहमीचा कोन सुमारे ३ अंशांचा असतो. त्या हिशेबाने धावपट्टीपासून १० किलोमीटरवर विमान जमिनीपासून जेमतेम ५०० मीटर उंच असतं. रेघेवर असाल तर १० किलोमीटर लांबूनही आवाज येणार, आणि रेघेच्या बाजूला तीन-चार किलोमीटर सरकलात तर बहुधा फारसा येणार नाही. विमानं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात, त्यामुळे कोणतं टोक वापरात असेल ते दिवसागणिक बदलतं. दोन्ही टोकांच्या रेघा टाळा.

५. रस्त्यावर चालून बघा, घरबसल्या

रस्त्यावरून घेतलेले फोटो दाखवणारी गूगलची सोय २००७ मध्ये सुरू झाली आणि आता बऱ्याच मोठ्या शहरांच्या गल्लीबोळांत पोहोचली आहे. स्टेशनच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत तिच्यावरून एकदा सावकाश चालून जा. फुटपाथ आहे का? दिव्याचे खांब किती अंतरावर आहेत? वाटेत उंच कोऱ्या भिंती, पुलाखालचा बोगदा, बंद गोदामं आहेत का, की खिडक्या आणि दुकानं आहेत? रात्री वाट सुरक्षित वाटते ती वाटेवर माणसांचा वावर असला की. एकट्याने प्रवास करणाऱ्या बाईने सर्वांत जवळच्या वाटेऐवजी उजेडाची, चार मिनिटं लांबची वाट कोणती आहे, तेही आधीच बघून ठेवावं.

फोटोच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष असतं. ते नक्की वाचा. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतला मोकळा भूखंड आज उंच इमारतीचं बांधकाम असू शकतो. आणि बांधकाम म्हणजे सकाळी लवकर सुरू होणारा आवाज.

किराणा दुकान, औषधांचं दुकान आणि रात्री नऊनंतरही उघडी असणारी खाण्याची एखादी जागा, या तीन गोष्टी चालत जाण्याच्या अंतरात हव्यात. निवासी भागात दुकानं लवकर मिटतात.

६. इमारत

संपूर्ण निवासी इमारतीतला एखादाच मजला किंवा एखादाच फ्लॅट हॉटेल म्हणून दिला जात असेल, तर परवान्याची चौकशी करा. अल्पकाळ भाड्याने देण्यासाठी नोंदणी सक्तीची असलेल्या शहरांत नोंदणी क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो. तो दिसत नसेल, किंवा ‘शेजाऱ्यांनी विचारलं तर पाहुणे आहोत असं सांगा’ असा निरोप आला, तर तिथे जाऊ नका. तुमच्या मुक्कामातच तक्रार झाली तर बॅगा घेऊन रस्त्यावर यावं लागेल. शिवाय ज्यांच्या घराशेजारी आपण झोपणार, त्यांच्या मनाविरुद्ध तिथे राहणं मला योग्य वाटत नाही.

बाकी गोष्टी भराभर तपासता येतात: लिफ्ट आहे का, रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं, उशिरा पोहोचलं तर किल्ली कशी मिळते. छोट्या हॉटेलांत रात्री दहानंतर माणूस नसतो आणि दाराचा कोड आधी पाठवलेला असतो. तुमचं विमान उशिराचं असेल तर याला फार महत्त्व आहे.

उन्हाळ्यात जात असाल तर खोलीत एसी आहे का ते बघा. एसी नसला की खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि मग दुहेरी काचेच्या खिडकीचा काही उपयोग उरत नाही.

७. अभिप्राय कसे वाचावेत

सरासरी गुण बाजूला ठेवा. अभिप्राय नवे आधी असे लावा आणि शोधाच्या चौकटीत ‘आवाज’, ‘भिंती’, ‘खिडकी’, ‘लिफ्ट’, ‘बांधकाम’ हे शब्द एकेक करून टाका, इंग्रजीत आणि तिथल्या भाषेतही. भाषांतराची सोय असतेच.

‘खूप शांत’ एवढ्यावर थांबणारा अभिप्राय फारसा कामाचा नाही. ‘रस्त्याकडची खोली मिळाली, सकाळी सहाला कचऱ्याची गाडी आली, मागची खोली घेतल्यावर बरं झालं’ हा खरा कामाचा, कारण त्यात बाजू कळते, वेळ कळते आणि उपायही कळतो. तक्रार कोणत्या महिन्यातली आहे तेही बघा. हिवाळ्यात बंद खिडक्यांआड राहिलेल्याने केलेलं कौतुक उन्हाळ्याला लागू पडेलच असं नाही.

८. खोली मागून घ्या

चांगल्या गल्लीतल्या चांगल्या इमारतीतही दोन-तीन खोल्या वाईट असतात, आणि न मागणाऱ्यांना त्या मिळतात. मागताना हे लक्षात ठेवा: मागच्या किंवा आतल्या चौकाकडची बाजू, मधला मजला, लिफ्ट आणि जिन्यापासून दूर. सर्वांत वरचा मजला नेहमीच चांगला नसतो, कारण गच्चीवर एसीची यंत्रं आणि लिफ्टची मोटर असू शकते. आतल्या चौकात स्वयंपाकघराचा धुराडा किंवा नाश्त्याची जागा उघडत असेल, तर तीही बाजू नको. अशा यंत्रांचा खालच्या पट्टीतला घुमारा भिंती ओलांडून येतो आणि इअरप्लगलाही पुरता थांबत नाही.

बुकिंग झाल्यावर, पोहोचण्याच्या आठवडाभर आधी हॉटेलला थेट असा निरोप पाठवा:

“नमस्कार. आमचं अमुक तारखेपासून बुकिंग आहे. झोप हलकी असल्याने मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांबची खोली मिळाली तर फार बरं होईल. त्या दिवसांत इमारतीत किंवा शेजारी काही काम चालू असणार आहे का? आम्ही रात्री साडेनऊच्या सुमारास पोहोचू, तेव्हा रिसेप्शनवर कोणी असेल का?”

उत्तर किती लवकर आणि किती नेमकं येतं, त्यावरून हॉटेलची बरीच पारख होते. उत्तरच आलं नाही, तर फोन करा. तोही उचलला गेला नाही, तर रद्द करण्याची मुदत असेपर्यंत दुसरं हॉटेल बघा.

९. पैसे भरण्याआधी

रद्द करता येणारा दर थोडा महाग असला तरी अनोळखी वस्तीसाठी तोच घ्या. मुदतीची वेळ बहुतेक वेळा हॉटेलच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे मोजली जाते, तुमच्या नाही. पूर्वेकडच्या देशातलं हॉटेल असेल तर मुदत तुमच्या अंदाजाआधीच संपते. शहराचा पर्यटन कर बऱ्याच ठिकाणी माणशी, दर रात्री वेगळा घेतात आणि तो जाहिरातीतल्या दरात धरलेला नसतो. स्वच्छतेचं शुल्क, उशिरा येण्याचं शुल्क, लहान मुलाच्या जादा पलंगाचं शुल्क अटींमध्ये खाली लिहिलेलं असतं. शेवटच्या पानावरचा एकूण आकडा दोन हॉटेलांचा समोरासमोर ठेवून मगच ठरवा.

१०. पोहोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

बॅगा उघडू नका. आधी खिडकी उघडा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. मग ती बंद करून पुन्हा ऐका. खिडकीच्या कडेने हात फिरवून बघा. हवा लागत असेल तर तिथूनच आवाजही येणार. एसी किंवा पंखा चालू करा, बाथरूमचा पंखा चालू करा. बाहेर जिन्यात येऊन लिफ्टचं दार किती जोरात मिटतं ते बघा. काही खटकलं तर त्याच क्षणी खाली जाऊन, नम्रपणे पण स्पष्ट, दुसरी खोली दाखवायला सांगा. पलंग न वापरलेला असतो तोवर हॉटेलला खोली बदलून देणं सोपं जातं. रात्री अकराला तेच अवघड होतं.

पहिल्या रात्री झोप थोडी कच्ची लागली तर लगेच हॉटेलला दोष देऊ नका. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही आणि अनोळखी आवाजांना जास्त सावध राहतो. त्या रात्रीसाठी इअरप्लग वापरा, पण नीट घाला. फोमचा तुकडा बोटांत बारीक वळा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवलेला प्लग जवळपास काहीच अडवत नाही.

दुसऱ्या रात्रीही तोच आवाज आला, तर तो किती वाजता आणि कुठून येतो ते लिहून ठेवा आणि सकाळी रिसेप्शनवर सांगा. ‘झोप होत नाही’ म्हटलं तर दिलगिरी मिळते. ‘रात्री दोन वाजता माझ्या भिंतीपलीकडचा पंप सुरू होतो’ असं सांगितलं की बहुतेक वेळा खोली बदलून मिळते.